कंपनी गेली, गाडी दारात: आता पार्ट मिळतील का, आणि जुनी घ्यावी का?

९ सप्टेंबर २०२१, हरतालिकेचा दिवस. दुसऱ्या दिवशी गणपती बसणार होते, आणि गणपतीत नवी गाडी दारात आणणारी घरं आपल्याकडे काही कमी नाहीत. नेमकं त्याच दिवशी फोर्डने जाहीर केलं, की भारतात गाड्या बनवणं आम्ही थांबवतोय. साणंदचा कारखाना वर्षअखेरीला आणि चेन्नईचा पुढच्या वर्षाच्या मध्यापर्यंत बंद. दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला, हे कारण. ज्यांच्या पार्किंगमध्ये आधीच इकोस्पोर्ट किंवा फिगो उभी होती, त्यांचे फोन त्या संध्याकाळी वाजत राहिले असणार. "अरे, आता तुझ्या गाडीचं कसं?"

प्रश्न जुनाच आहे. देवू, ओपेल, शेव्हरले, फियाट, डॅटसन, सगळ्यांच्या मालकांनी तो ऐकलाय. कल्याणला बनणारी प्यूजो ३०९ तर आता आठवणारेही थोडे. दर वेळी सल्ले मात्र दोनच. एक, "विकून मोकळा हो, उद्या भंगारवालाही घेणार नाही." दुसरा, "काही होत नाही रे, कुर्ल्याला सगळं मिळतं." मला दोन्ही अर्धवट वाटतात. बंद पडलेल्या कंपनीची गाडी सहसा इंजिनामुळे जात नाही. ती जाते हेडलाइटमुळे, डिकीच्या दारामुळे आणि विम्याच्या कागदावरच्या एका आकड्यामुळे. ते कसं, ते बघू.

आधी विचारायचं: बंद झालं म्हणजे काय झालं?

"कंपनी बंद झाली" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात.

कधी फक्त नाव जातं. निस्सानने एप्रिल २०२२ मध्ये भारतात डॅटसन गुंडाळली, पण निस्सान स्वतः इथेच आहे. फियाटचंही तसंच. पुंटो आणि लिनिया गेल्या, पण पुण्याजवळचा रांजणगावचा कारखाना चालू राहिला आणि तिथून जीप बाहेर पडत राहिल्या. अशा गाडीच्या मालकाला भांडायला समोर माणूस असतो. हा सगळ्यात सौम्य प्रकार.

कधी कंपनी देश सोडते, पण जगात जिवंत असते. जनरल मोटर्स आणि फोर्ड या प्रकारातल्या. दुकान बंद, पण वॉरंटी पाळायची, पार्ट पुरवायचे म्हणून एक छोटी यंत्रणा मागे ठेवतात. फोर्डने जाताना दिल्ली, चेन्नई, मुंबई, साणंद आणि कोलकाता इथली पार्टची गोदामं चालू ठेवू असं सांगितलं होतं. यामागे चांगुलपणापेक्षा हिशोब जास्त असतो. उद्या परत यायचं झालं तर नाव खराब नको, आणि वॉरंटी हा करार आहे, तो मोडला तर ग्राहक आयोगात खेटे घालावे लागतात.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: कंपनीच मरते. कोरियाचा देवू समूह १९९९ च्या सुमारास कर्जाखाली कोसळला. त्याच्या मोटार कंपनीचा कामाचा भाग पुढे जनरल मोटर्सने उचलला, पण दिल्लीजवळच्या सूरजपूरचा भारतीय कारखाना त्या सौद्यात नव्हता. सिएलो आणि मॅटिझवाले उघड्यावर पडले. मॅटिझची पुढची पिढी २००७ मध्ये शेव्हरले स्पार्क म्हणून आपल्याकडे आली खरी, पण जुन्या मॅटिझची जबाबदारी स्पार्क विकणाऱ्यावर नव्हती. दिवाळखोरीत वॉरंटीवाला ग्राहक हा कंपनीकडून येणं असलेल्यांच्या रांगेतला एक असतो. तारण ठेवून कर्ज दिलेल्या बँका पुढे, आपण पार मागे. तुमचा क्लच बसवून द्यायला तिथे कोणी रिकामं नसतं.

तळेगावचा धडा

एक गैरसमज फार पसरलेला आहे. कारखाना दुसऱ्या कंपनीने घेतला, म्हणजे आता आपल्या गाडीचं तीच बघेल. तळेगावचं उदाहरण घ्या.

जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. मे २०१७ मध्ये कंपनीने सांगितलं, की वर्षअखेरीपासून भारतात शेव्हरले विकणार नाही. गुजरातमधला हालोलचा कारखाना तर त्याआधीच, एप्रिलमध्ये थांबला होता. पण तळेगावात काम चालूच राहिलं. बीट गाड्या बनत होत्या आणि जहाजाने मेक्सिकोला जात होत्या. म्हणजे वडगाव मावळच्या माणसाला कारखान्यातून ट्रकवर चढणारी बीट दिसत होती, पण विकत मिळत नव्हती. हे डिसेंबर २०२० पर्यंत चाललं. इथल्या बीटवाल्यांना याचा न दिसणारा फायदा झाला. गाडी बनत असते तोवर तिचे सुटे भाग बनवणारेही चालू असतात. गाडी "बंद" झाल्यानंतरही तीन वर्षं पुरवठ्याची साखळी तुटलेली नव्हती.

पुढे चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने हा कारखाना घ्यायचं ठरवलं, सरकारी परवानगीत ते अडकलं आणि २०२२ मध्ये सौदा मोडला. २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला आणि जानेवारी २०२४ मध्ये ताबा घेतला. आता महत्त्वाचं. ह्युंदाईने जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री घेतली. शेव्हरले हे नाव घेतलं नाही, जुन्या मालकांची देणीघेणी घेतली नाहीत. मालमत्ता विकत घेणं वेगळं आणि अख्खी कंपनी विकत घेणं वेगळं. शेजाऱ्याचा फ्लॅट तुम्ही घेतला म्हणून त्याची किराणा दुकानातली उधारी तुमच्या नावावर येत नाही, तसंच हे. साणंदचा फोर्डचा कारखाना टाटांनी सुमारे ७२६ कोटींना घेतला, तिथेही हेच. फिगो घेऊन टाटाच्या सर्व्हिस सेंटरला गेलात तर फार तर चहा मिळेल.

हालोलला आता एमजी बनतात. त्या नावाची गंमत अशी, की इंग्लंडची मूळ एमजी रोव्हर २००५ मध्ये बुडाली होती. नाव चीनच्या कंपनीकडे गेलं आणि पार्टचा धंदा तिसऱ्याच माणसाच्या हातात राहिला. नाव, कारखाना आणि पार्टचं गोदाम हे तिन्ही वेगवेगळ्या दिशांना जाऊ शकतात, आणि मालकाच्या कामाचं त्यातलं एकच असतं, ते म्हणजे गोदाम. स्वीडनची साब डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोर झाली, पण तिची पार्टची कंपनी वेगळी होती आणि सरकारी कर्जाला तारण होती. कर्ज वसूल करायला म्हणून स्वीडिश सरकारने ती ताब्यात घेतली आणि चालू ठेवली. कंपनी मेल्यावरही साबवाल्यांना फिल्टर आणि ब्रेक मिळत राहिले ते यामुळे.

कोणता पार्ट मिळतो, कोणता नाही

चाकण-भोसरीत काम केलेल्या कुणालाही हे माहीत असतं, पण शोरूममध्ये कोणी सांगत नाही: गाडीची कंपनी स्वतः फार कमी भाग बनवते. क्लच एकाचा, शॉकअब्जॉर्बर दुसऱ्याचा, इंजेक्टर तिसऱ्याचा. कंपनी जोडणी करते आणि डब्यावर आपलं लेबल लावते. त्यामुळे ब्रेक पॅड, फिल्टर, बेल्ट, बेअरिंग, बॅटरी, टायर, वायपर यांची काळजी नको. बॉश, व्हॅलिओ, गॅब्रिएल अशांच्या डब्यात तोच किंवा त्याच्या तोडीचा माल पुण्याच्या नाना पेठेत मिळतो. लेबल नसल्याने कधी स्वस्तही मिळतो.

इंजिनाचंही बऱ्याचदा तसंच. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल आठवा. ते पुंटोत होतं, मारुतीच्या स्विफ्टमध्ये होतं, टाटाच्या व्हिस्टात होतं, शेव्हरलेच्या सेल आणि एन्जॉयमध्येही होतं. लोक गमतीने त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. बीट डिझेलचं तीन सिलिंडरचं इंजिन त्याच घराण्यातलं. रस्त्यावर लाखो स्विफ्ट असताना पुंटोच्या इंजिनाला उपाशी कोण ठेवणार? बाहेरचे पाइप, ब्रॅकेट, वायरिंग वेगळं असू शकतं, म्हणून मेकॅनिकला पार्ट नंबर जुळवायला सांगायचं, एवढंच. फोर्डच्या एंडेव्हरची तऱ्हा आणखी वेगळी. तीच गाडी थायलंड, ऑस्ट्रेलियात एव्हरेस्ट नावाने विकली गेली, त्यामुळे पार्ट महाग पडेल, वेळ लागेल, पण जगात कुठेतरी तो असतो.

आता दुसरी बाजू. दार, बोनेट, बंपर, हेडलाइट, टेललाइट, पुढची काच, डॅशबोर्डचं प्लास्टिक. हे त्या एका मॉडेलशिवाय कुठेच बसत नाही. प्रत्येकासाठी वेगळी डाय, म्हणजे साचा असतो. ही डाय पुरवठादाराच्या शेडमध्ये पडलेली असते, पण मालकी गाडी कंपनीची. एका खेपेत काहीशे नग काढले तरच प्रेस चालवणं परवडतं, कारण डाय चढवण्यात-उतरवण्यातच वेळ जातो. उत्पादन संपताना कंपनी अंदाज बांधून एकदाच मोठा साठा करून घेते. तो साठा संपला आणि मागणी वर्षाला चाळीस टेललाइटची उरली, की डाय जागा अडवते म्हणून एक दिवस वितळवायला जाते. त्यानंतर उरतो तो फक्त काढलेला माल, म्हणजे मोडीत गेलेल्या गाड्यांचा.

माझ्या मावसभावाच्या गाडीला सिग्नलवर मागून टेम्पोने धडक दिली. गाडी अशाच एका गेलेल्या कंपनीची, कोणती ते राहू द्या. इंजिन ठणठणीत, चालवत घरी आला. डिकीचं दार मात्र अकरा आठवडे मिळालं नाही. शेवटी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक सापडलं, पांढऱ्या रंगाचं. गाडी लाल. रंगकाम वेगळं.

तिसरा गठ्ठा इलेक्ट्रॉनिक्सचा, आणि लोक तो विसरतात. चावी, इंजिनाचा कंट्रोलर, एअरबॅगचा मॉड्यूल हे नुसते बसवून चालत नाहीत, गाडीशी त्यांची ओळख करून द्यावी लागते. त्याची यंत्रणा अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे असते. फोर्डवाल्यांमध्ये फोर्स्कॅन नावाचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून बरंच काही स्वतः करणारे आहेत, पण सगळ्यांनाच ते जमेल असं नाही. म्हणून सर्व्हिस सेंटर गावात आहे तोवर दुसरी चावी करून घ्या. हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका. तिथल्या कॉम्प्युटरमधली सगळी सर्व्हिस हिस्टरीही छापून घ्या. डीलरने गाशा गुंडाळला की ती नोंद कुणाच्या टेबलावर असेल, सांगता येत नाही.

विम्याचा तो आकडा

पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, ठरलेल्या घसाऱ्याने निघते. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के वजा, चार ते पाचला ५० टक्के. पण पाच वर्षांपुढच्या गाड्या आणि ज्यांचं उत्पादन बंद झालंय अशी मॉडेलं यांना हा तक्ता लागत नाही. त्यांची किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्या समजुतीने ठरते. "समजुतीने" म्हणजे व्यवहारात काय होतं? वेबसाइट एक आकडा दाखवते, हप्ता कमी दिसतो म्हणून आपण खुश होतो आणि बटण दाबतो.

आता दुसरा नियम जोडा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला, की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. समजा तुम्ही आयडीव्ही दोन लाख ठेवली. समोरून धडक बसली, दोन हेडलाइट, बंपर, बोनेट, रेडिएटर, दोन एअरबॅग. पार्ट दुर्मिळ, म्हणून महाग. दीड लाख ओलांडायला वेळ लागत नाही. मग जी गाडी आणखी सहा वर्षं चालली असती, तिचे दोन लाख हातात देऊन विषय संपतो, आणि तेवढ्यात तशी दुसरी मिळत नाही. म्हणून अशा गाडीचा विमा घेताना हप्त्यात हजार-दोन हजार वाचवू नका. तसल्याच गाड्यांच्या चालू विक्रीचे भाव दाखवून आकडा वर न्यायला सांगा. मागितल्याशिवाय कोणी वाढवून देत नाही.

कायदा काय देतो

दहा वर्षं पार्ट देणं कायद्याने सक्तीचं आहे, असं छातीठोक सांगणारे भेटतात. मोटार वाहन कायद्यात असा वर्षांचा आकडा नाही. कायद्यात आहे ती परत बोलावणी, म्हणजे रिकॉल. सुरक्षेचा दोष निघाला तर सात वर्षांच्या आतली गाडी कंपनीला फुकट दुरुस्त करून द्यायला लावता येते. हे नियम एप्रिल २०२१ पासून आहेत. वॉरंटी नाकारली तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, पण तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते, आणि डीलर व कंपनी दोघांनाही पक्षकार करायचं. एकटा डीलर धरलात आणि त्याने दुकान बंद केलं, तर नोटीस टपालातून परत येते. वाढीव वॉरंटी घेतली असेल तर कागद काढून बघा, तिच्यामागे गाडी कंपनी आहे की विमा कंपनी. दुसरं असेल तर निम्मी चिंता गेली.

आणि हो, कर्जाचे हप्ते चालूच राहतात. कंपनी गेली म्हणून बँक गेलेली नसते.

जुनी घेणाऱ्याने

आता खरं आकर्षण. कंपनी गेली की जुन्या बाजारात गाडी चांगलीच खाली येते. दणकट पत्रा, उत्तम डिझेल इंजिन आणि तेवढ्याच पैशांत मिळणाऱ्या दुसऱ्या गाडीपेक्षा एक पायरी वरची वस्तू. मला विचाराल तर हा सौदा वाईट नाही, पण वाचलेले सगळे पैसे दुसरीकडे खर्च करायचे नाहीत. त्यातला एक भाग हेडलाइटसाठी बाजूला ठेवायचा.

टोकन देण्याआधी दोन फोन करा. पहिला सर्व्हिस सेंटरला. वेबसाइटवरच्या यादीवर विसंबू नका, प्रत्यक्ष फोन लावा, कारण यादीत असलेली अर्धी दुकानं आता दुसऱ्याच ब्रँडची झालेली असू शकतात. फोर्ड गेली तेव्हा देशात तिचे सुमारे १७० डीलर होते. नवी गाडी विकण्यातला नफा गेल्यावर नुसत्या सर्व्हिसवर सगळे तग धरत नाहीत. दुसरा फोन पार्टवाल्याला: याच वर्षाच्या, याच मॉडेलचा उजवा हेडलाइट, पुढची काच आणि पुढचा बंपर, आज मागितला तर किती दिवसांत, किती रुपयांत? त्याने "बघून सांगतो" म्हटलं आणि सांगितलंच नाही, तर तेच उत्तर समजायचं.

मॉडेल निवडताना जे खूप विकलं गेलं ते घ्या. बीट, फिगो, इकोस्पोर्ट, टवेरा यांचा काढलेला माल भरपूर आहे, कारण मोडीत जाणाऱ्याही भरपूर आहेत. कॅप्टिव्हा, ट्रेलब्लेझर दिसायला रुबाबदार, पण रस्त्यावर मोजक्या. इकोस्पोर्टमध्ये मी साधं १.५ डिझेल आणि हाताचा गिअर घेईन. एक लिटरचं टर्बो पेट्रोल किंवा दोन क्लचचा ऑटोमॅटिक घेणार नाही. गाडी चालवायला ते छान आहेत, पण उघडून बसवणारे हात कमी आहेत.

गाडी कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ राहिलेली असेल तर खाली वाकून पत्रा बघा. दुसऱ्या गाडीत गंज लागला तर दार बदलता येतं. इथे दारच मिळत नाही.

कागदात आरसीवर बँकेचा बोजा उतरलाय का, दोन्ही चाव्या आहेत का, रिकॉलचं काम झालंय का. बाकी नेहमीसारखंच.

विजेच्या गाडीचं वेगळं दुखणं

पद्मिनी टॅक्सी बनणं २००० च्या आसपास थांबलं, तरी मुंबईत शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत चालली. पार्टच्या अभावाने ती थांबली नाही, टॅक्सीसाठी असलेल्या वीस वर्षांच्या मर्यादेने थांबवली. पान्हा, हातोडा आणि कुर्ल्याचे मेकॅनिक एवढ्यावर ती जगली.

विजेच्या गाडीचं एवढ्यावर भागत नाही. अमेरिकेच्या फिस्कर कंपनीची ओशन ही विजेची गाडी बघा. जून २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. गाड्या ऑस्ट्रियात दुसऱ्याच कंपनीकडून बनवून घेतलेल्या. न विकलेल्या तीन हजारांवर गाड्या न्यूयॉर्कच्या एका टॅक्सी भाड्याने देणाऱ्या कंपनीने घाऊक भावात घेतल्या. मग कळलं, की गाडीचं सॉफ्टवेअर फिस्करच्या सर्व्हरशी बोलतं, आणि तो सर्व्हर दुसरीकडे हलवण्यावरूनच वाद पेटला. साध्या मालकांनी मग संघटना काढली आणि सॉफ्टवेअर, पार्ट, चाव्या यांच्यामागे स्वतः लागले.

म्हणून नव्या, लहान कंपनीची विजेची गाडी किंवा स्कूटर घेताना विक्रेत्याला एवढं विचारा: मोबाइलमधलं ॲप काढून टाकलं तर गाडी सुरू होते का, चार्ज होते का? बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी कुणाच्या सहीची आहे? बॅटरीचा एक मॉड्यूल बदलता येतो, की अख्खी पेटी बदलावी लागते? उत्तर देताना तो माणूस मॅनेजरला हाक मारायला गेला, तर बसून राहा, घाई करू नका.

आणि फोर्डवाल्यांसाठी शेवटचं. सप्टेंबर २०२४ मध्ये फोर्डने चेन्नईचा कारखाना पुन्हा वापरण्याबद्दल तामिळनाडू सरकारला पत्र दिलं, तेव्हा जुन्या इकोस्पोर्टच्या जाहिरातींत "फोर्ड परत येतेय" असं लिहिलेलं दिसू लागलं. ते पत्र निर्यातीसाठी होतं. त्या एका ओळीचे कुणी वीस हजार जास्त मागत असेल, तर देऊ नका.